पाच सूत की चार सूत?

गेले तीन महिने माझे शनिवार-रविवार एका मास्टर सिलिंडरने खाल्ले. मास्टर सिलिंडर म्हणजे डिस्क ब्रेकच्या गाडीवर उजव्या मुठीशेजारी ब्रेक ऑइलची जी छोटी डबी दिसते ना, तिच्या पोटातला पिस्टनचा भाग. आपण लिव्हर ओढतो, पिस्टन आत सरकतो, ऑइल पाइपातून खाली जातं आणि चाकाशी असलेला कॅलिपर डिस्कला चावतो. एवढंच. एवढ्याशा वस्तूवर अख्खा लेख लिहायचा म्हणजे जरा अतीच होतंय, मान्य आहे. पण या वस्तूपायी मी एकदा मूर्ख ठरलो आणि एकदा पसरणी घाटात चांगलाच घाबरलो. शिवाय दुकानदार, मेकॅनिक आणि दोस्तमंडळी या विषयावर जे छातीठोकपणे सांगतात त्यातलं निम्मं उलटं आहे असं आता माझं ठाम मत झालंय.

तर आधी गाडी. गाडी माझ्या काकांची. राजदूत 350, 1986 सालची, वाईच्या घराच्या पडवीत उभी. ('बॉबी'मधली राजदूत ती वेगळी बरं का. ती जीटीएस 175. लोक हमखास गोंधळ करतात.) यामाहाची आरडी 350 आपल्याकडे एस्कॉर्ट्सने 1983 साली आणली आणि नव्वदच्या आसपासपर्यंत विकली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि आवाज असा की पडवीत चालू केली की शेजारच्या आजी आजही खिडकी लावून घेतात. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे खर्च कमी करायला इंजिनाची ताकद तर उतरवलीच, वर डिस्क काढून ड्रम दिला. ड्रम तसा वाईट नव्हता, 7 इंची, दोन्ही लायनर पुढच्या दिशेने चावणारा. काका त्याच ड्रमवर वीस-बावीस वर्षं महाबळेश्वर चढले-उतरले. आरडीचा लोकांनी 'रॅपिड डेथ' असा विस्तार केला होता, त्यात ब्रेकचा वाटा किती आणि चालवणाऱ्या पोरांचा किती, हा वादाचा मुद्दा आहे. :)

काका आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. बँकेतून निवृत्त. उजव्या हाताच्या बोटांना संधिवात. ड्रम ब्रेकची केबल ओढायला जो जोर लागतो तो त्यांच्या बोटांत उरलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मेणवलीच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, काकांना ब्रेक पुरेसा दाबता आला नाही आणि गाडी शेतात गेली. लागलं फारसं नाही. पण त्या दिवशी काकूने चावी काढून घेतली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली. गाडी पडवीत, चावी तांदळात, आणि काका रोज सकाळी फडक्याने टाकी पुसतायत, हे दृश्य दिवाळीत बघितलं आणि मी म्हणालो, "काका, आपण पुढे डिस्क बसवू."

काका म्हणाले, "मूळ गाडी बिघडवायची नाही." हा मुद्दा मला मान्य होता आणि आहे. 2021 साली केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम काढले, त्यात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. म्हणजे काकांची गाडी सरकारदरबारी विंटेज व्हायला अजून 2036 साल उजाडायचंय. जानेवारी 2019 मध्ये तर सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कंपनीने ठरवलेल्या तपशिलांच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत. तेव्हा हे सगळं वाचून उद्या कुणी चेसिस कापायला बसू नका. आम्ही काहीच कापलं नाही. एका 150 सीसी गाडीचे शॉकअप, चाक, डिस्क आणि कॅलिपर आख्खेच्या आख्खे जुन्या बाजारातून आणून बसवले. मूळ ड्रमचं चाक आणि शॉकअप ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. एका दिवसात गाडी परत होती तशी करता येते. तरीही कायद्याच्या दृष्टीने आमची बाजू फार भक्कम आहे असा माझा दावा नाही. पण गाडी शेतात जाण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं.

फक्त त्या जुन्या सामानात मास्टर सिलिंडर नव्हता. तो नवीन घ्यायचा होता. म्हणून मी नाना पेठेत गेलो.

दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या गाडीचा देऊ साहेब?" आता राजदूत 350 ला मास्टर सिलिंडर कधी नव्हताच, तर सांगणार काय? मी कॅलिपर दाखवला. त्याने कॅलिपरकडे बघितलंही नाही. काचेच्या कपाटातून एक चकचकीत काळा मास्टर सिलिंडर काढला, ऑइलची डबी वेगळी, नळीने जोडलेली, लिव्हर सोनेरी. म्हणाला, "हा घ्या. मोठा आहे. रेसिंग. 350 ला असाच पाहिजे." मला वस्तू दिसायला आवडली. गाडी मोठी, तर सिलिंडर मोठा, हे तर्कालाही पटलं. पैसे दिले आणि घरी आलो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत पास्कलचा नियम किमान दोनदा शिकलेला माणूस मी. त्या क्षणी पास्कल कुठे गेला होता कोण जाणे.

वाईला नेऊन बसवला, एअर काढली, आणि काकांना म्हणालो, "दाबून बघा." त्यांनी दाबला. लिव्हर जराशी हलली आणि भिंतीला हात लावावा तशी थांबली. मी खूश. म्हटलं काय घट्ट ब्रेक आहे! काका गाडी अंगणात ढकलत नेऊन परत दाबून बघत होते. चाक फिरतच होतं. म्हणाले, "अरे, याच्यापेक्षा ड्रम बरा होता."

शेजारच्या गॅरेजमधले मिस्त्री कुंपणापाशी उभे राहून बघत होते. वय सत्तरच्या पुढे. आत आले, चश्मा कपाळावर सरकवला आणि मास्टर सिलिंडर खालून बघितला. तिथे ओतीव अक्षरांत 5/8 असं होतं. मी इतके दिवस तो पार्ट नंबर समजत होतो.

"पाच सुताचा आहे हा," मिस्त्री म्हणाले. "दोन डिस्कच्या गाडीचा. तुला चार सुताचा पाहिजे."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सूत म्हणजे 5/8 इंच, 15.9 मिमी. चार सूत म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिमी. मिस्त्रींचं शिक्षण सातवी. माझं बी.ई. असो.

आता गणित बघू, कारण ते अगदी दहावीचं आहे आणि तरी बहुतेकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं. लिव्हरने पिस्टनवर जो जोर टाकला, तो पिस्टनच्या क्षेत्रफळावर वाटला जातो आणि त्याचा दाब होतो. पिस्टन लहान, तर तेवढ्याच जोरात दाब जास्त. तोच दाब खाली कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनवर पोचतो आणि डिस्क चावतो. म्हणजे ब्रेकची ताकद वाढवायची तर वरचा सिलिंडर लहान पाहिजे, मोठा नव्हे! आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. पाच सूत आणि चार सूत यांच्या व्यासात फरक 25 टक्के, पण क्षेत्रफळात 25 भागिले 16, म्हणजे 56 टक्के. पाच सुताच्या सिलिंडरवर काकांना तोच ब्रेक लागायला 56 टक्के जास्त जोर लावावा लागणार होता. ज्या माणसाच्या बोटांत जोर नाही म्हणून हा सगळा उद्योग मांडला, त्याच्यासाठी मी हे निवडलं होतं.

मग मी शहाण्यासारखं मोजायला बसलो. ऑनसाइटला जाताना बॅगा तोलायला घेतलेला लटकता काटा घरात पडून होता. त्याचं एक टोक हँडलला बांधलं आणि हूक काकांच्या दोन बोटांत दिला. न दुखता, सहज, पुन्हा पुन्हा किती ओढता येतं? 8 किलो. (माझं 17 आलं, पण मी जरा शायनिंग मारत होतो.) लिव्हर मोजली. खिळीपासून बोटांपर्यंत 150 मिमी, खिळीपासून पिस्टनपर्यंत 25, म्हणजे जोर सहापट. कॅलिपरचे दोन पिस्टन, व्हर्निअरने मोजून प्रत्येकी 27 मिमी. डिस्क 260 मिमीची. गाडी आणि काका मिळून अंदाजे 230 किलो धरले, पॅडचं घर्षण 0.4 धरलं, चाकाची त्रिज्या 30 सेंमी. मागचा ब्रेक सोडून दिला.

ताशी 60 च्या वेगाने येताना, काकांच्या 8 किलोच्या जोराने गाडी किती अंतरात थांबेल? पाच सुताच्या सिलिंडरवर जवळपास 37 मीटर. 14 मिमीच्या सिलिंडरवर 29. चार सुताच्या सिलिंडरवर 24. गाडी तीच, चाक तेच, माणूस तोच. वरचा एक पार्ट बदलला की 13 मीटरचा फरक. तेरा मीटर म्हणजे एसटीच्या लाल गाडीहून जास्त. आता हे आकडे कागदावरचे आहेत, घर्षण 0.4 ऐवजी 0.35 धरलं तर सगळेच बदलतील. पण त्यांच्यातलं प्रमाण बदलणार नाही, आणि मला हवं होतं ते प्रमाणच.

इथे तुम्ही म्हणाल, की मग अजून लहान घ्या ना! 11 मिमीचा घ्या! मलाही तेच वाटलं होतं. एका छोट्या गाडीचा 11 मिमीचा मिळाला, तो लावूनही बघितला. कागदावर गाडी 18 मीटरमध्ये थांबत होती. पण फुकट काहीच मिळत नाही. कॅलिपरचे पिस्टन डिस्कपासून किंचित मागे असतात. रबरी सील त्यांना दर वेळी केसभर मागे ओढतं. ती फट भरायला ठरावीक ऑइल खाली जावंच लागतं. वरचा सिलिंडर लहान असेल, तर तेवढंच ऑइल ढकलायला लिव्हर जास्त लांब ओढावी लागते. माझ्या हिशेबाने पाच सुताला लिव्हर 10 मिमी हलल्यावर पॅड डिस्कला टेकत होते, चार सुताला 16, आणि 11 मिमीला 21 च्या वर. शिवाय जुना रबरी पाइप दाबाखाली फुगतो, कॅलिपर किंचित वाकतो, तेही सगळं लिव्हरच्या प्रवासात मिळवा. प्रत्यक्षात 11 च्या सिलिंडरवर लिव्हर निम्म्याच्या पुढे यायची, तेव्हा कुठे ब्रेक जोरात लागायचा.

माझ्या हाताला ते चाललं असतं. काकांची बोटं पूर्ण मिटत नाहीत. लिव्हर जसजशी मुठीजवळ येते तसतसा त्यांचा जोर संपत जातो. 8 किलोचा आकडा मी बोटं अर्धी उघडी असताना घेतला होता. मिटत आलेल्या बोटांनी पुन्हा ओढायला लावलं तर काटा 4 वर थांबला. म्हणजे 11 मिमीने जे दिलं होतं ते सगळं, किंबहुना त्याहून जास्तच, बोटांनी परत घेतलं. हे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. तक्त्यात कॅलिपर असतो, सिलिंडर असतो, हात नसतो.

चार सूत ठरला. स्टीलच्या जाळीचा पाइप घातला, त्याने लिव्हर अजून थोडी वर आली.

'घट्ट लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक' या समजाबद्दल मात्र मला जरा चिडूनच लिहायचंय. माझे दोन मित्र, दोघेही इंजिनिअर, दोघेही दर रविवारी लोणावळ्याला गाड्या पळवणारे, मला पाच सूत काढू नको म्हणून सांगत होते. कारण काय, तर "फील मस्त आहे, एकदम सॉलिड." अरे, सॉलिड लागणारच! मोठ्या सिलिंडरने फट चटकन भरते आणि मग तुम्ही लाकूड दाबत बसता. लिव्हर घट्ट लागते कारण तुमच्या हाताला ब्रेकची मदत मिळत नाहीये. स्पंजासारखी मऊ, दर वेळी वेगळी लागणारी लिव्हर वाईट, ते खरं. त्यात हवा असते. पण मऊ आणि हलकी यात फरक आहे.

हा घोळ आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडच्या नॉर्टन कमांडोला 1972 पासून पुढे डिस्क ब्रेक आला. त्याचा मास्टर सिलिंडर चक्क पाच सुताचा, आणि खाली एकच डिस्क. तो ब्रेक लाकडासारखा लागतो म्हणून बदनाम आहे. त्या गाड्या जपणारे लोक आज काय करतात? त्याच सिलिंडरमध्ये स्लीव्ह घालून तो 13 मिमीचा करून घेतात. बाहेरून गाडी मूळची, ताकद दीडपट. मला ही युक्ती फारच आवडली. जुन्या सिलिंडरच्या आत गंजून खड्डे पडलेले असले की नुसतं नवीन वायसरचं किट टाकून उपयोग नसतो, ते महिन्याभरात पुन्हा गळतं. स्लीव्हने तेही काम होतं. तुमच्याकडे खरोखरच सत्तरच्या दशकातली मूळ डिस्कवाली गाडी असेल, तर बाजारातला नवा सिलिंडर लावण्याआधी हा विचार करा.

परदेशी लोकांचे तक्ते वापरताना एक भानगड असते, ती सांगून ठेवतो. कॅलिपरचं क्षेत्रफळ भागिले मास्टर सिलिंडरचं क्षेत्रफळ, असं एक गुणोत्तर ते देतात आणि अमुक आकडा उत्तम म्हणतात. पण डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये काही जण दोन्ही बाजू मोजतात, काही एकच. त्यामुळे तोच ब्रेक एकाकडे दुप्पट दिसतो. आमच्यासारख्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतात. आकडा उचलण्याआधी समोरच्याने काय मोजलंय ते बघा. मी आधी बघितलं नव्हतं आणि एक रविवार त्यात गेला.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. पाइपाचा बोल्ट 10 मिमीचा, पण त्याचे आटे दोन प्रकारचे. जपानी वळणाच्या सामानाला बहुतेक 1.25 चे, ब्रेम्बो वळणाच्याला 1.0 चे. सुरुवातीला दोन फेरे एकमेकांत जातात आणि मग आपण पान्याने जोर लावतो आणि सिलिंडर भंगारात. यामाहाचा सिलिंडर असेल तर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, त्यावर माझी वीस मिनिटं गेली. ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4, डबीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. आणि आपल्या मेकॅनिक लोकांची प्रत्येक वस्तू पेट्रोलमध्ये धुवायची सवय! मास्टर सिलिंडर पेट्रोलने धुतला की आतलं रबर फुगतं आणि ब्रेक अडकतो. तिथे उभं राहून, प्रसंगी हात धरून थांबवावं लागतं. आमच्या मिस्त्रींनाही मी थांबवलं. ते जरा रागावले. एवढ्या एका बाबतीत मी बरोबर होतो.

कारण त्यानंतरची चूक फक्त माझी.

काकांची बोटं छोटी, लिव्हर मुठीपासून लांब. म्हणून मी बाजारातून एक अंतर कमी-जास्त करता येणारी लिव्हर आणली. बसवली, छान बसली. अंगणात चालवून बघितली, छान लागली. एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही सगळे पाचगणीला गेलो. मी गाडीवर, काका-काकू आणि चुलत भाऊ मागून कारमध्ये. वर चहा झाल्यावर काका म्हणाले, "चावी दे. खाली मी आणतो." काकू काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काका, आज मीच नेतो. पुढच्या वेळी तुम्ही." का म्हणालो माहीत नाही. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. मला चालवायची होती, बस.

पसरणी घाट उतरायला लागलो. टू-स्ट्रोक गाडीला उतारावर इंजिनाचा अडसर जवळजवळ नसतो, त्यामुळे सगळं काम ब्रेकवर. चार-पाच वळणं झाली आणि लक्षात आलं, की लिव्हर हलतच नाहीये. बोट लावलं की कडक. गाडी आपोआप मंदावतेय. मला वाटलं पेट्रोल संपलं. मग वास आला. गाडी कडेच्या कठड्याला घेतली आणि पुढचं चाक थांबलं ते थांबलंच. ढकलून हलेना. डिस्कवर थुंकी टाकली तर चर्र! वेग अजून पंधराने जास्त असता आणि वळणात असतो तर काय झालं असतं, हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही.

मागून कार आली. काका उतरले, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. 8 चा पाना होता. कॅलिपरचा एअर काढायचा निपल जरासा सैल केला, फस्सकन ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं. मग अर्धा तास कठड्यावर बसून सगळं गार होऊ दिलं आणि मागच्या ब्रेकवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खाली आलो.

झालं काय होतं? मास्टर सिलिंडरमध्ये डबीकडे जाणारं सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. लिव्हर सोडली, की पिस्टन पूर्ण मागे यायला हवा आणि ते भोक उघडं व्हायला हवं. कारण ब्रेक तापला की ऑइल फुगतं, आणि फुगलेल्या ऑइलला डबीत परतायला तेवढी एकच वाट असते. माझ्या नव्या लिव्हरचं नाक मूळ लिव्हरपेक्षा जेमतेम मिलिमीटरभर लांब होतं. त्यामुळे लिव्हर सोडलेली असतानाही पिस्टन किंचित दाबलेला राहायचा आणि भोक बंद. गार असताना काहीच कळत नाही. घाटात ब्रेक तापतो, ऑइल फुगतं, परत जाता येत नाही म्हणून पॅड दाबतं, पॅड घासून अजून तापतात, अजून फुगतं. आमच्या ऑफिसात अशा गोष्टीला 'लोकली वर्क्स' म्हणतात. अंगणात चालतं, घाटात मारतं.

तपासायची रीत इतकी सोपी आहे की लाज वाटते. डबीचं झाकण उघडा आणि लिव्हर अगदी हळू, थोडीशी ओढा. पहिल्याच हालचालीला ऑइलमध्ये छोटीशी उसळी दिसली पाहिजे. दिसली म्हणजे भोक उघडं आहे. आमच्या डबीत काहीच हललं नाही. मिस्त्रींनी कानस घेतली, लिव्हरचं नाक घासलं, पुन्हा लावून बघितलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या खेपेला उसळी आली. लिव्हरच्या टोकाला थोडीशी मोकळी हालचाल ठेवली. एकूण काम दहा मिनिटांचं.

तेव्हा मास्टर सिलिंडर घ्यायला जाल, तर 'कुठल्या गाडीचा' या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. किती सुताचा किंवा किती मिमीचा ते विचारा, आणि खाली कॅलिपर कोणता आहे नि वर हात कुणाचा आहे ते घरूनच मोजून जा. शक्य असेल तर कॅलिपर ज्या गाडीचा, त्याच गाडीचा सिलिंडर आणि त्याचीच मूळ लिव्हर घ्या. कंपनीतल्या कुणीतरी पगार घेऊन ते जुळवलेलं असतं. माझा कॅलिपर बेवारस निघाला म्हणून मला हा सगळा अभ्यास करावा लागला. रेसिंगचा शिक्का, सोनेरी लिव्हर आणि वेगळी डबी यांनी गाडी एक मिलिमीटरही आधी थांबत नाही. आमचा चार सुताचा साधा काळा आहे, आणि त्या चकचकीत वस्तूच्या पाव किमतीत आला.

मे महिन्यात काकांनी गाडी बाहेर काढली. चावी काकूने स्वतः तांदळातून काढून दिली, धुऊन. मी मागे बसलो होतो. मेणवलीच्या रस्त्याला लागल्यावर, जिथे ती म्हैस आली होती बरोबर तिथे, काकांनी काहीही न सांगता दोन बोटांनी ब्रेक मारला. माझं डोकं त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. "लागतोय," म्हणाले. मग घाटावर नदीकाठी बसून आम्ही भेळ खाल्ली.

परवा फोन आला होता. आता मागचा ब्रेक त्यांना मऊ वाटतोय.

आणि हो, तो पाच सुताचा रेसिंगवाला माझ्या ड्रॉवरमध्ये तसाच पडलाय. पुढे दोन डिस्क आणि दोन कॅलिपर असलेली गाडी कुणाकडे असेल तर त्याला तो व्यवस्थित जुळेल. घेऊन जा. पैसे नकोत, चहा पाजा.